डेव्हनला निघालेल्या ताकसांडे बाई

ताकसांडे बाईंसमोर ‘बघू’ म्हणायची सोय नव्हती. मुलीनं म्हटलं काय, शिपायानं म्हटलं काय, की खुद्द मुख्याध्यापकांनी म्हटलं काय, बाई लगेच विचारायच्या, “कधी बघू? बुधवारी की गुरुवारी?” समोरच्याच्या तोंडून वार वदवून घेतल्याशिवाय त्या जागच्या हलत नसत. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेचं छप्पर चार पावसाळे गळत होतं. ते दुरुस्त झालं ते बाईंनी मुख्याध्यापकांकडून असा एक गुरुवार काढून घेतला म्हणून.

मी अमरावतीहून हिंगणघाटच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला आले ते १९७४ साल. बाई भूगोल शिकवत. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, बारीक काठाचं सुती लुगडं आणि हातात पुरुषी घड्याळ, तेही तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. चालणं असं, की सोबतच्या माणसाला निम्मा रस्ता पळावं लागे. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत. घंटा झाली आणि पाय उंबरठ्याबाहेर पडला की वऱ्हाडी. मी एकदा याचं कारण विचारलं, तर म्हणाल्या, “आतली भाषा परीक्षेची हाय, मालती. बाहेरची मायची.”

त्यांची आई इथल्याच एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. वडील हमाली करायचे आणि संध्याकाळच्या वर्गात बसून चाळिशीत वाचायला शिकले होते. बाई थोरल्या, मधला भाऊ नामदेव, आणि बाईंहून दहा वर्षांनी लहान कमल. आईवडील लवकर गेले. बाईंनी लग्न केलं नाही. कमलला नागपूरला नर्सिंगला घातलं आणि ती शिकून पुढे इंग्लंडला, बर्मिंगहॅमच्या एका दवाखान्यात नोकरीला गेली. रेल्वे फाटकापलीकडच्या दोन खोल्यांत बाई एकट्या राहत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी जगाचा नकाशा. दोन्ही एकाच उंचीवर, पट्टीनं मोजून लावलेले.

बाईंचं खरं काम मला कळलं ते पहिल्या सहलीत. शाळेची सहल बोरधरणाला जायची होती. आदल्या रविवारी बाई एसटीनं एकट्याच त्या रस्त्यानं जाऊन आल्या. त्यात विशेष काय, असं मला वाटलं. सहलीच्या दिवशी सेलूच्या पुढे गाडी बंद पडली. ड्रायव्हरनं बोनेट उघडलं, मुली रडकुंडीला आल्या, आमचे चित्रकलेचे धाबे सर घाम पुसू लागले. बाई खाली उतरल्या, डावीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “शंभर पावलांवर विहीर आहे, पाणी गोड आहे. मागे चिंचेची सावली आहे. तिथल्या घरच्या काकूंना मी सांगून ठेवलं आहे, चूल मिळेल.” तीन तासांनी गाडी सुरू झाली तेव्हा मुली उठायला तयार नव्हत्या. निम्म्या जणींना शेवटपर्यंत वाटत होतं, की सहल तिथेच होती.

मी विचारलं, “गाडी बिघडणार हे तुम्हाला माहीत होतं का?”

“नाई बा. पण बिघडली तं कुठं बिघडन, ते पाहून ठेवाले काय जाते?”

गावातल्या कापडगिरणीच्या जुन्या बंगल्यात स्वातंत्र्याआधी कुणी इंग्रज इंजिनिअर राहून गेला होता. त्याची पुस्तकं वाळवी लागेपर्यंत तशीच पडून होती. १९७६ च्या सुमारास बंगला झाडायला काढला तेव्हा शाळेला निरोप आला, काही हवं असेल तर घेऊन जा. बाई गेल्या आणि दोन ॲटलास आणि एक तांबड्या कापडी बांधणीचं पुस्तक घेऊन आल्या. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे, त्याची ती प्रवाशांसाठी लिहिलेली माहिती होती. गावं, शेतं, किनारे, कुठून कुठे कशानं जायचं, कुठे उतरायचं. मधल्या सुट्टीत डबा संपला की बाई शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचत.

धाबे सर चिडवायचे. “काय बाई, आज कुठवर पोचल्या?”

“बार्नस्टेपलपर्यंत.”

“उतरल्या का गाडीतच हाय?”

“उतरली. पुढची गाडी चाळीस मिनिटांनी हाय.”

एक दिवस सरांनी हसू आवरून विचारलं, “पण बाई, खरं सांगा. तुमचं तिकडं जाणं होणार हाय का?”

बाईंनी पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं. “सर, पंचवीस वर्षं होऊन राह्यले मी पोरीइले भरती-ओहोटी शिकवतो. मी समुद्र पाह्यला हाय का? नाई. पोरीइनं पाह्यला? नाई. तरी त्या पेपरात बरोबर लिवतेत. जगातल्या मोठ्यात मोठ्या भरत्या येतेत, त्यातली एक या डेव्हनच्या वरच्या किनाऱ्यावर येते. तीन माणसं एकमेकाच्या खांद्यावर उभे राह्यले तरी बुडतीन, एवढं पाणी चढते अन् उतरते. ते मले पाहाचं हाय. कधी, ते अजून ठरलं नाई.”

बाईंच्या तोंडून ‘ठरलं नाही’ हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

१९७९ च्या फेब्रुवारीत कमलचं पत्र आलं. तिची पत्रं वर्षभरात चार पानांवरून अर्ध्या पानावर आली होती, हे बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. हे पत्र त्यांनी प्रयोगशाळेत मला वाचायला दिलं. ‘ताई, मले कशातच चव लागून नाई राह्यली. सकाळी वॉर्डात जातो, राती खोलीत येतो. अकरा वर्षांत या देशाची मी एक सडक पाह्यली. मी नोकरी सोडून परत येऊन राह्यली. रागावू नको.’

मला वाटलं, बाई रडतील किंवा लगेच ‘ये’ म्हणून तार करतील. नामदेवचं म्हणणं तेच होतं. बाईंनी पत्राची घडी घातली.

“येऊ दे की तिला,” मी म्हटलं. “थकली आहे बिचारी.”

“थकली हाय म्हणूनच. थकल्या माणसानं असे ठराव कराचे नसते, मालती. तिनं यावं नाई तं राहावं, मले दोन्ही चालते. पण ते तिनं ताज्या डोक्यानं ठरवलं पाह्यजे.” पत्र त्यांनी पाकिटात घातलं. “अकरा वर्षांत एक रजा नाई घेतली तिनं. आमच्या घरात कोणी घेतलीच नाई. तिले माहीतच नाई, ती घ्याची कशी.”

त्या आठवड्यात बाईंनी कमलला चौदा पानांचं पत्र लिहिलं. डेव्हनची आठ दिवसांची सुट्टी, तारीखवार. बर्मिंगहॅमहून कुठली गाडी, एक्झेटरला बदलायचं कुठे, डब्यात कुठल्या बाजूला बसायचं म्हणजे नदी दिसेल. पुढे बार्नस्टेपल आणि तिथून आगगाडीनंच समुद्राकाठच्या इल्फ्राकूम गावी. सोबत काय घ्यायचं, काय घ्यायचं नाही. ‘दवाखान्याचा गणवेश घ्यायचा नाही’ याच्याखाली दोन रेघा होत्या. शेवटी एकच वाक्य वऱ्हाडीत: ‘हे करून ये, मंग जे ठरवशीन ते मले मंजूर हाय.’

कमल डेव्हनला गेली. जुलै महिन्यात तिचं उत्तर आलं. पाकीट जाड होतं म्हणून बाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर फोडलं, आणि पहिलं पान वाचून त्या उठून बाहेर गेल्या. त्या दिवशी वर्गावर गेल्या, शिकवलं, पण मधल्या सुट्टीत तांबडं पुस्तक उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर पत्र माझ्या हातात दिलं.

बार्नस्टेपलपर्यंत सगळं बाईंनी लिहिल्याबरहुकूम झालं होतं. एक्झेटरच्या पुढची लालभडक माती पाहून कमल डब्यात उभी राहिली होती. पण बार्नस्टेपलहून पुढे आगगाडीच नव्हती. ती लाइन नऊ वर्षांपूर्वी बंद होऊन रूळसुद्धा उखडले होते. बाईंचं पुस्तक चाळीस वर्षांपूर्वीचं होतं. कमलनं लिहिलं होतं, ‘मी बॅग घेऊन फलाटावर बसली अन् लहान पोरीसारखी रडली. वाटलं, ताईचंही चुकते, तं मंग माझं काय.’

तिथून कशीबशी ती बसच्या थांब्यावर गेली. शेजारी एक म्हातारी रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. एडना तिचं नाव. अंडी आणि लोणी विकायला ती आठवड्याच्या बाजारात आली होती. तिनं कमलला विचारलं, का रडतेस? कमलनं बाईंचं पत्र दाखवलं. म्हातारीला मराठी कुठून येणार? पण मधे बाईंनी काढलेला नकाशा होता, गावांची नावं इंग्रजीत होती. तिनं तो नकाशा कितीतरी वेळ पाहिला आणि म्हणाली, मी तरुण होते तेव्हा याच लाइननं यायचे. तुझ्या बहिणीनं प्रत्येक स्टेशन बरोबर लिहिलं आहे. मग तिनं कमलला आपल्याच घरी नेलं. समुद्राजवळ तिचं शेत होतं, आणि वरच्या दोन खोल्या ती सुट्टीला येणाऱ्यांना द्यायची. कमल आठही दिवस तिथेच राहिली. सकाळी गाईंना वैरण टाकायची, दुपारी उंच कुंपणांच्या अरुंद वाटांनी किनाऱ्यावर जायची. शेवटच्या पानावर होतं, ‘मी इथंच राह्यतो, ताई. पण आता दर वर्षी आठ दिवस माझे.’

“सगळं छानच झालं की,” मी म्हटलं.

“झालं. पण माझ्यानं नाई झालं,” बाई म्हणाल्या. “मी लेकराले रिकाम्या फलाटावर उतरवलं.”

त्याच दुपारी दहावीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर तो मार्ग काढला, बार्नस्टेपलच्या पुढची रेघ पुसली आणि मुलींना सांगितलं, “मी चुकले. नकाशा कधीचा आहे हे मी पाहिलं नाही. यापुढे नकाशा हातात घेतलात तर आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचायची.” पन्नाशी उलटलेल्या बाईंनी इतक्या सरळ आवाजात आपली चूक सांगावी, याचं मुलींना नवल वाटलं असेल. मला तर कित्येक दिवस पुरलं. मी गणित शिकवताना फळ्यावर चुकले की हळूच डस्टर फिरवायची. ते मी सोडलं.

नंतर बाईंनी डेव्हनच्या पर्यटन कचेरीला पत्र लिहून चालू वेळापत्रकं मागवली. रंगीत पुस्तिका, बसची वेळापत्रकं, भरती-ओहोटीचे तक्ते असे लठ्ठ लखोटे हिंगणघाटला येऊ लागले. पोस्टमन ते बाईंच्या हातात देताना चप्पल बाहेर काढायचा. एडनाचंही नाताळला कार्ड येई.

१९८४ मध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या सभेत मुख्याध्यापकांनी विचारलं, आता काय बेत? बाईंनी उभं राहून सांगितलं, “जून महिन्यात डेव्हन. आठ तारखेला निघणार.” टाळ्या वाजायच्या राहून गेल्या. सगळ्यांना वाटलं, बाई थट्टा करत आहेत. पण कमलनं विमानाचं तिकीट पाठवलं होतं, आणि बाईंच्या पिशवीत दोघींच्या दहा दिवसांचा बेत लिहून तयार होता.

नामदेव घरी येऊन बसला. मी तेव्हा तिथेच होते. “अक्का, कमलले भेटाले जा. पण ते समुद्राकाठी फिरणं कायले? लोकं काय म्हणतीन? त्याच्यापेक्षा बोधगयेले जाऊन येजो. चार लोकं चांगलं तरी म्हणतीन.”

“बोधगयेलेही जाईन,” बाई म्हणाल्या. “पण ते दर्शन होईन, नामदेव. हे सुट्टी हाय.”

“सुट्टी कायची? तू तं रिटायर झाली.”

बाई हसल्या. “तुले समजावून नाई सांगता येत. तू पण एकदा घेऊन पाह्यजो.”

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस शिपाई आला, तेव्हाची गंमत बाई स्वतःच सांगायच्या. त्याच्या कागदावर प्रवासाचं कारण लिहायचं होतं.

“कोणाचं लगन हाय का, बाई?”

“नाई.”

“कोणी बिमार हाय?”

“नाई. सगळे ठणठणीत हाय.”

“मंग शिक्षणासाठी?”

“आता माझं शिक्षण होते का बापा? सुट्टीसाठी जाऊन राह्यली मी.”

शिपायानं पेन कानावर ठेवलं. “बाई, साहेब मले विचारतीन. काहीतरी कारण पाह्यजेच.”

“तेच कारण हाय. तू लिव. सुट्टी. स ले उकार, ट ले ट.” बाईंनी ते त्याच्याकडून लिहून घेतलं, वाचून पाहिलं आणि मग त्याला चहा दिला. जाताना तो शिपाई दारात थांबून म्हणाला, “बाई, आमाले रजा भेटते. पण मी वावरात कामालेच जातो.” बाई म्हणाल्या, “मले माहीत हाय.”

लंडनच्या विमानतळावरही तसंच झालं. लुगडं नेसलेली, एकटी, अठ्ठावन्न वर्षांची बाई सुट्टीला आली यावर तिथल्या अधिकाऱ्याचा विश्वास बसेना. बाईंनी आपला लिहिलेला बेत त्याच्यासमोर ठेवला. या वेळी इंग्रजीत, गाड्यांच्या वेळांसकट. त्यानं पानं उलटली, विचारलं, हे कुणी केलं? बाई म्हणाल्या, मी. त्यानं शिक्का मारला. रांगेतल्या मागच्या माणसाच्या हातात डेव्हनची पुस्तिका होती; बाईंनी त्याला त्याच वेळी विचारून घेतलं, की तिच्यातलं बसचं वेळापत्रक यंदाचं आहे ना.

जुलैमध्ये बाई परत आल्या आणि एका रविवारी सकाळी माझ्या घरी आल्या. मी पोहे केले. मला लंडनबद्दल ऐकायचं होतं. त्याबद्दल त्या दोन वाक्यंच बोलल्या. मग समुद्राचं सांगू लागल्या.

एडनाच्या शेतापासून किनारा अर्ध्या तासावर. पहिल्या सकाळी दोघी बहिणी निघाल्या. तक्त्यात भरतीची वेळ पाहून बाई बरोबर त्या वेळेला पोचल्या. पाणी कड्याला लागलेलं होतं. वर एक सपाट खडक होता, त्यावर बाई बसल्या. कमलला वाटलं, पाच-दहा मिनिटं पाहतील आणि मग पुढे गावात जाऊ. बाई उठेनात. तासानं कमल म्हणाली, चाल ना ताई. बाई म्हणाल्या, तू फिरून ये. कमल गावात जाऊन परत आली, तरी बाई तिथेच. पाणी खाली सरकलेलं, खडकांची डोकी वर आलेली. कमलनं थर्मासमधून चहा दिला. कुत्रा फिरवणारा एक गृहस्थ जाताना पाहून गेला होता. येतानाही बाई तशाच बसलेल्या पाहून त्यानं काळजीनं विचारलं, तुम्ही बऱ्या आहात ना? बाईंनी त्याला सांगितलं, आणखी दोन तास. मग उठीन.

सहा तासांहून थोडा जास्त वेळ बाई त्या खडकावर होत्या. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत. शेवटी समोर नजर जाईल तिथवर ओली वाळू होती, आणि जिथे सकाळी लाटा आपटत होत्या तिथे मुलं चेंडू खेळत होती.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय? तीस वर्षं जे शिकवलं, ते खरं हाय.”

आम्ही दोघी हसलो. मग बाईंनी पोह्याची बशी खाली ठेवली.

“मालती, तिथं बसल्या बसल्या मले मायची लय याद आली. मी तिले कापूस निवडताना पाह्यलं, भाकरी थापताना पाह्यलं, निजलेली पाह्यली. मेलेली पाह्यली. पण माय नुसती बसलेली मले आठवेचना. दोन तास मी तेच आठवून राह्यली होती. एकदाही नाई. मंग मी कमलले म्हटलं, तूही बैस. आपण दोघी तिच्या नावानं बसू.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी मात्र उठून आत गेले.

पुढे दोन वर्षांनी माझी बदली नांदेडला झाली. तिथे असतानाच एका हिवाळ्यात नामदेवचं कार्ड आलं, की अक्का गेली, झोपेतच गेली. त्यामुळे मी बाईंना शेवटचं पाहिलं ते हिंगणघाट सोडायच्या आठवड्यात, स्टेशनवर.

बाईंनी शेजारपाजारच्या नऊ जणी गोळा केल्या होत्या. कोणी जिनात काम करून थकलेली, कोणी धुणीभांडी करणारी, एक आमच्याच शाळेची जुनी आया. त्यांना घेऊन बाई विशाखापट्टणमला निघाल्या होत्या, समुद्रावर. देऊळ नाही, लग्न नाही, आठ दिवस. सकाळी दहाच्या गाडीनं. मी पोचवायला गेले. बाई प्रत्येकीला खिडकीजवळची कुठली जागा कुठपर्यंत आणि मग ती कुणाला द्यायची, ते समजावत होत्या. फलाटावर सगळ्यांच्या घरचे आले होते, आणि नेमका कसला चेहरा करून निरोप द्यावा हे कोणालाच कळत नव्हतं.

नवांतली सगळ्यात म्हातारी गंगूबाई. तिच्या काखेत मोठं गाठोडं होतं. गाडी लागली, सगळ्या चढल्या, शिट्टी झाली. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, “हे काय वं, गंगू?”

“गोधडी हाय, बाई. अर्धी शिवून झाली. तिथं बसल्या बसल्या होऊन जाईन.”

बाई गाठोडं घेऊन दारात आल्या. गाडी हलली होती. मी बाजूनं चालू लागले.

“मालती, धर हे. गंगूच्या घरच्याइजवळ देजो. ती आल्यावर शिवन.”

मी ते दोन्ही हातांनी झेललं. गाडीनं वेग घेतला. माझ्यासमोरून खिडकी गेली तेव्हा गंगूबाई बसली होती, आणि आपले रिकामे हात मांडीवर कसे ठेवायचे, ते तिला कळत नव्हतं. बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी तिचा एक हात उचलून खिडकीच्या गजावर ठेवला, बाहेर कुठेतरी बोट दाखवलं आणि काहीतरी सांगायला सुरुवात केली.